नळावरची नवरी

कल्याणजवळच्या मोहन्यात नाथाशेठच्या चाळीत भूत आहे ही वार्ता पहिल्यांदा उठली, तेव्हा ती रतनने एकटीने गाडली होती. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढे ती जे वागली ते तुम्हाला आततायीपणाचं वाटेल. चाळीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतंच.

रतन आणि तानाजीला एकच मुलगी, दर्शना. कल्याणला एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लग्न ठरलं होतं, डाळिंबी रंगाचा शालू घेऊन झाला होता, पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. हळद तोंडावर आली आणि पोरगी डेंग्यूने गेली. चोवीस वर्षांची धडधाकट पोरगी, तापात बघता बघता हातातून निसटली. चाळ तेव्हा धाय मोकलून रडली. रतनच्या घरात कितीतरी दिवस गॅस पेटवू दिला नाही कुणी, आळीपाळीने डबे येत होते. चाळ जीव लावते तेव्हा हात आखडत नाही, हे कबूल करायलाच पाहिजे.

पण तेरावं झालं आणि तीच तोंडं भलतंच बोलायला लागली. चाळीच्या मागच्या अंगाला एक सामायिक नळ आहे. दोन खोल्यांच्या घरात बाप समोर बसलेला, म्हणून दर्शना संध्याकाळी त्या नळावर हंडा लावायची आणि पाणी वाहून जाईपर्यंत होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर बोलत बसायची. नेमक्या त्याच नळावर दिवेलागणीला पोपटच्या बायकोला, ऐश्वर्याला, बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. तिला ऐकू आल्यावर आणखी दोघींना येणारच, त्या कशा मागे राहतील? "लग्नाची राहिली ना गं पोरगी," बायका हळूच बोलायच्या. "तिचा जीव अडकला असणार." संध्याकाळनंतर मागच्या नळावर कोणी फिरकेना. पोरांना तर दम दिलेला होता, की तिकडे गेलात तर तंगडी मोडून ठेवीन.

रतन कोणाशी भांडायला गेली नाही. तिने पाट उचलला, तांदळाचं ताट घेतलं आणि दिवेलागणीला मागच्या नळावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मेथी घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी नुसतीच बसली. पाऊस असला तर छत्री घेऊन बसली. लोक म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू दे. वर्ष जाऊ दिलं तिने तसंच. मग एकदा समोरच्या दीप्तीची संचिता, जेमतेम चालायला लागलेली, दुडुदुडु येऊन तिच्या ताटातले तांदूळ उधळून गेली. मागोमाग ओरडत दीप्ती आली, आणि आली ती गप्पा मारत बसली. हळूहळू बाकीच्याही आल्या. कोणी भाजी निवडायला, कोणी पोरीची वेणी घालायला. मागचा नळ म्हणजे बायकांचा कट्टाच झाला, आणि बांगड्यांचा विषय असा संपला की जणू कधी निघालाच नव्हता. रतनला आयुष्यात काय मिळालं म्हणाल तर एवढंच मिळालं. तिची पोरगी मेली, पण भूत झाली नाही.

हे सगळं जवळून बघणारा एक होता, शेजारच्या योगिनीचा सुदेश. दर्शनाला सख्खा भाऊ नव्हता आणि सुदेशला बहीण नव्हती. त्यामुळे शाळेत जायच्या आधीपासून ती त्याला राखी बांधायची. तो तिला 'ताईडे' म्हणायचा, एवढ्या मोठ्या चाळीत तो एकटाच. योगिनी कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला जायची, म्हणून पोरगा वाढला तो रतनच्याच ताटात. दर्शना गेल्यावरही दर भाऊबिजेला तो यायचा. तिच्या फोटोखाली बसायचा, रतन त्याला ओवाळायची, आणि तो फोटोपुढे साडी ठेवून पाया पडायचा. पोटचा नव्हता एवढंच, बाकी काय कमी होतं?

सुदेशला सिनेमाचं वेड. ठाण्याला मालिकांच्या सेटवर धावपळीची कामं करून करून त्याची चप्पल झिजली, पण हातात काही येत नव्हतं. एक दिवस तो नाचतच घरात शिरला.

"मावशी, पिक्चर मिळाला! माझा स्वतःचा!"

"अरे वा! कसला रे?"

"भुताचा." रतनचा चेहरा पडलेला बघून तो घाईघाईने खाली बसला. "ऐक तर. हल्ली लोकांना पडक्या बंगल्यातलं भूत नको झालंय. चार माणसं एकत्र राहतात तिथलं पाहिजे. होस्टेल, पीजी, चाळ. सगळ्यांना नळ एक, संडास एक, आणि त्यात कोणीतरी एक जास्तीची. फॅन्टसी म्हणतात याला."

"आपल्याकडे माणसाला खोली मिळेना, तिथे भुताला कोण देतंय," रतन म्हणाली.

"तेच तर! आणि मावशी, खरं सांगू? मला तुझी गोष्ट करायचीय. चाळ घाबरते, आई एकटी नळावर जाऊन बसते, आणि शेवटी सगळी चाळ त्या मुलीला आपली म्हणते. भूत नसतंच. लोकांची भीती असते नुसती. एकदा का पडद्यावर आलं ना, की ताईडीबद्दल पुन्हा कोणाची बोलायची टाप होणार नाही."

रतनच्या डोळ्यांना धार लागली. तो पुढची गोष्ट सांगायला लागला तर तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नको सांगू. मला एकदम पडद्यावरच बघू दे." आता याला कोणी भोळेपणा म्हणेल. पण चाळीत आपल्या पोराला कोणी विचारत नाही, की बाबा, तू नक्की काय करणार आहेस. ते परक्याला विचारायचं असतं.

मग रतन कामाला लागली. शूटिंगसाठी मागचा नळ चार दिवस बंद ठेवायचा म्हटल्यावर पोपट उसळला. पाणी येतंच तासभर, आणि तोही यांना द्यायचा? नाथाशेठ तर सरळ नाही म्हणाला. रतन दारोदार फिरली. "आपलं पोरगं आहे, माझ्यासाठी करा," म्हणाली. दर्शनाच्या आईने पदर पसरल्यावर नाही कोण म्हणणार? सुदेशने शालू मागितला तेव्हा मात्र तिचा हात कपाटाच्या कडीवर जरा थबकला. घडीही मोडली नव्हती त्याची.

"ताईडीच दिसली पाहिजे मावशी," तो म्हणाला. तिने शालू दिला, वर हिरव्या बांगड्याही दिल्या. घराची किल्लीसुद्धा दिली, कारण आईची खोली म्हणून तिचीच खोली वापरायची होती.

"तुम्ही दोघं त्या दिवसांत खडवलीला जा, तुळसामावशीकडे," सुदेश म्हणाला. "मरणाचे सीन आहेत. तुम्हाला बघवणार नाहीत."

किती काळजी करतो पोरगा, असं म्हणत रतन तानाजीला घेऊन खडवलीला बहिणीकडे गेली. चार दिवस बहिणीला सुदेशचंच कौतुक ऐकवलं. परत आली तेव्हा घर लख्ख पुसून ठेवलेलं होतं. ऐश्वर्या पदराआड खुदखुदत म्हणाली, "मीपण आहे हं पिक्चरात." आणि पुढचं न सांगता आत पळाली. दीप्तीही नजर चुकवत होती. रतनला वाटलं, लाजतायत.

दसऱ्याला संध्याकाळी चाळीच्या पटांगणात मोठा पडदा लावला. सुदेशने रतन आणि तानाजीला हाताला धरून पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसवलं. रतनने चांगली साडी नेसली होती. पडद्यावर नाव आलं, 'नळावरची नवरी', आणि मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या. नावात नवरी आहे म्हटल्यावर रतनने तानाजीचा हात घट्ट धरला.

मग नळ दिसला. नळावर डाळिंबी शालू नेसून पाठमोरी कोणीतरी बसलेली. कॅमेरा खाली आला आणि पावलं दिसली, उलटी.

पटांगण किंचाळलं आणि लगेच हसलं. सिनेमा तसाच होता, आधी घाबरवायचा, मग हसवायचा. ही नवरी चाळीतल्या एकेका बिनलग्नाच्या पोराच्या मागे लागायची, "माझ्याशी लगीन करता का हो?" म्हणत. पोपट त्यात दारुडा झाला होता. सकाळी संडासच्या रांगेत उभा असताना त्याच्या मागे नवरी येऊन उभी राहते, तो वळून बघतो आणि टमरेल टाकून पळत सुटतो. नवरी म्हणते, "अहो, तुमचा नंबर गेला ना!" पटांगण लोळायचं बाकी होतं. तानाजीसुद्धा हसला. एकदाच, तोंडातून फसकन बाहेर पडलं ते. मग त्याने खाली मान घातली आणि ती पुन्हा वर केली नाही.

आणि आई? आई होती की. रोज दिवेलागणीला तांदळाचं ताट घेऊन नळावर बसणारी, केस पिंजारलेली बाई. पोरगी भूत झालीय हे तिला ठाऊक, आणि तीच तांदळावर काहीबाही पुटपुटून पोरांना भुलवून पोरीकडे आणते. वर्षभर पावसापाण्यात रतन जे बसली, त्याचं त्या पोराने हे केलं! पाटसुद्धा तिचाच होता. हिरो शेवटी त्या नवरीच्या तावडीत सापडतो आणि ओरडतो, "ताईडे, सोड की गं मला!" तिथे सगळ्यात मोठा हशा पडला. मग मांत्रिक येतो, नळाच्या दगडात खिळा ठोकतो, नवरी जळून जाते आणि चाळ टाळ्या पिटते. पडद्यावरची पिटत होती, आणि पडद्यासमोरचीही.

"बंद कर," रतन म्हणाली. दोनदा म्हणाली. पण त्या गलक्यात कोणाला ऐकू जाणार? ती उठून घरी गेली. तिचं जाणं कोणाच्या लक्षातही आलं नाही, सगळे सुदेशला खांद्यावर घेत होते.

सकाळी सुदेश पेढे घेऊन दारात. रतनने पेढा घेतला नाही.

"मावशी, मी आधी आपलं ठरलं तेच लिहिलेलं. आई शप्पथ. प्रोड्यूसर बोलला, रडारड कोण बघतंय? कॉमेडी टाक, नाहीतर दुसऱ्याला देतो."

"मग नाही म्हणायचं होतंस."

"सात वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडून 'नाही' हेच ऐकत आलोय गं. मी कसा 'नाही' बोलणार? आणि तिचं नाव कुठे घेतलंय मी?"

"ताईडे कोणाला म्हणायचास तू?"

सुदेश नखाने पेढ्याच्या खोक्याचा कागद सोलत राहिला.

"खडवलीला पाठवलंस मला," रतन म्हणाली. "मला वाटलं माझ्या काळजीने. तुझ्यासाठी मी लोकांपुढे पदर पसरला रे, आणि त्याच लोकांना तू माझ्या घरात आणून माझ्या पोरीवर हसायला शिकवलंस. आणि एकानेही मला सांगितलं नाही."

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

"फार उपकार झाले." रतनने डोळे पुसले. "झालं ते झालं. सिनेमा काही पुसता येणार नाही. पण एक कर. कोणी विचारलं तर सांग, हे सगळं खोटं आहे, माझ्या डोक्यातून आलंय, आमच्या चाळीत असं काही नव्हतं. एवढं एकच सांग. बाकी तुझं भलं होवो."

सुदेशने आत येऊन दर्शनाच्या फोटोला हात लावला. "सांगेन. ताईडीची शप्पथ." त्याचेही डोळे भरले होते, ते काही खोटं नव्हतं. रतनने मग पेढा घेतला.

सिनेमा मोबाइलवर आला आणि दणक्यात चालला. ठाणे, डोंबिवली, कुठून कुठून पोरंपोरी चाळ बघायला यायला लागली. नळावर डोक्यावरून ओढणी घेऊन बसायचं, पावलं वाकडी करायची आणि रील काढायचं. पोपटची तर चंगळच झाली, टमरेल हातात घेऊन तो सगळ्यांबरोबर फोटो काढायचा. "आपल्या चाळीचं नाव झालं," योगिनी येईल त्याला सांगायची. सुदेशने ठाण्याला घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, भाड्याने का होईना. रतन सगळं गिळत होती. सिनेमाच आहे, लोक विसरतील, आणि सुदेश खरं सांगणारच आहे, असं ती स्वतःला समजावत होती. दिवेलागणीला ती अजूनही नळावर बसत होती. फक्त आता तिच्याजवळ कोणी बसत नव्हतं. संचिता रोज तिच्याकडून वेणी घालून घ्यायची, ती एकदा हाक मारल्यावर आईच्या मागे लपली आणि रडायला लागली. दीप्ती म्हणाली, "काकू, राग नका मानू, रात्रीची दचकून उठते हो ती." काकूंनी राग मानला नाही. पण तांदूळ निवडताना दिसेनासे झाले.

दिवाळीच्या तोंडावर ऐश्वर्या मोबाइल नाचवत आली. "काकू, बघा आपला सुदेश! मुलाखत आलीय!" सोफ्यावर सुदेश, समोर चकाचक मुलगी. तिने विचारलं, "हे सगळं खरं आहे का? की नुसती कल्पना?"

रतन मोबाइलवर वाकली. आता म्हणेल, आता म्हणेल.

सुदेशने खाली बघितलं. त्याचा गळा भरून आल्यासारखा झाला. "खरं आहे," तो म्हणाला. "माझी मानलेली बहीण होती. लग्नाच्या तोंडावर गेली. मी याबद्दल कधी बोललो नाही. पण त्या नळावर मी स्वतः बांगड्या ऐकल्यात. अजूनही कधीकधी ऐकू येतात."

"बघा!" ऐश्वर्याचे डोळे चमकले. "मी तेव्हाच नव्हते का सांगत!"

रतनने फोन तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. सिनेमात पोरीला नाचवलं ते नाइलाज म्हणून तिने सोसलं असतं. सोसत होतीच. पण हे त्याच्याकडून कोणी करवून घेतलं नव्हतं. नाही म्हणायला अर्धा क्षण लागला असता. फोटोला हात लावून घेतलेली शप्पथ, आणि ती मोडताना आवाजात कंप! त्याच्या लहानपणापासून ती त्याची नाटकंच बघत आली होती बहुतेक.

"सोड आता," तानाजी म्हणाला. "पोराचं बस्तान बसतंय. आपली तर गेलीच ना."

"गेली होती," रतन म्हणाली. "मी तिला नीट जाऊ दिलं होतं. यांनी परत ओढून आणली, आणि उलट्या पायांची करून नळावर बसवली. आता ती तिथून कधी उठायची, सांगा मला."



भाऊबिजेला सुदेश आला. मला वाटतं, यायला त्याला थोडं जड गेलं असणार, कारण पटांगणात तो जरा रेंगाळला. पण लोकांनी घेरलं, हात मिळवले, फोटो काढले, आणि त्याचा चेहरा पुन्हा खुलला. नवी साडी पिशवीत होती. रतनच्या घरात शिरून तो सवयीने दर्शनाच्या फोटोखाली मांडी घालून बसला. तानाजी खिडकीतून बाहेर बघत होता. रतन ओट्याशी तबक सजवत होती. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं जसं दर वर्षी असायचं तसंच.

"मावशी, रागावली नाहीस ना?" सुदेश म्हणाला. "मुलाखतीत तसं बोलायला लागतं गं. मार्केटिंग असतं ते. पुढच्या पिक्चरमध्ये ताईडीचं सगळं चांगलं दाखवतो, बघ तू."

रतनने निरांजन पेटवलं. सुदेशने रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि मान पुढे केली. ती तबक घेऊन आली, त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि दाराबाहेर पडली.

पटांगणात गप्पा चालल्या होत्या, त्या थांबल्या. रतन निरांजनाला हाताचा आडोसा करत चालत राहिली, चाळीला वळसा घालून मागच्या नळापर्यंत. मागोमाग योगिनी धावली, दीप्ती, ऐश्वर्या, पोपट, झाडून सगळे आले. दिवेलागण झालेली आणि नळावर रतन उभी, म्हणून कोणी फार जवळ गेलं नाही. डोक्यावरचा रुमाल हातात धरून सुदेश सगळ्यांच्या पाठीमागे येऊन थांबला.

पश्चिमेला बंद कारखान्याच्या वर बीजेची कोर दिसत होती, बारीकशी, बुडायच्या बेताची. रतनने तबक उचललं. कोरीकडे कुंकवाचं बोट दाखवलं, अक्षता टाकल्या आणि सावकाश ओवाळायला लागली.

"अगं रतन, हे काय करतेस?" योगिनी कावरीबावरी झाली. "सुदेश आलाय ना! तुझ्याच घरात तर बसला होता. चंद्राला कशाला ओवाळतेस?"

रतनने ओवाळणं पूर्ण केलं. मग ती वळली, आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या दर्शनाच्या वतीने ओवाळतेय. ज्या मुलीला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते."